जाम रिंगा (रेंजफाइंडर कॅमेरा)

जुन्या फिल्मवाल्या रेंजफाइंडर कॅमेऱ्यात (ज्यात खिडकीत दिसणाऱ्या दोन प्रतिमा एकमेकींवर जुळवून फोकस करतात) लेन्सभोवतीच्या रिंगा, म्हणजे फोकसची, ॲपर्चरची (प्रकाश आत येण्याचं छिद्र लहानमोठं करणारी) आणि बऱ्याच मॉडेलांत शटर स्पीडची सुद्धा, वर्षानुवर्षं वापराविना पडून राहिल्यावर जड फिरायला लागतात किंवा पार बसतात, आणि त्या मोकळ्या करणं हे या कॅमेऱ्यांच्या दुरुस्तीतलं सगळ्यात नेहमीचं काम. लेन्सला जोडलेला रेंजफाइंडर १९३२ मध्ये लायका २ आणि कॉन्टॅक्सवर आला, तिथपासून १९७० च्या दशकातल्या कॅनोनेटपर्यंत जवळजवळ सगळ्याच घराण्यांत ही तक्रार सापडते. तशी ती एसएलआरच्या (आरशाने लेन्समधूनच चित्र दाखवणाऱ्या कॅमेऱ्यांच्या) लेन्सांतही असते, पण रेंजफाइंडरमध्ये फोकसचा हलणारा भाग एका कॅमवरून किंवा लिव्हरवरून रेंजफाइंडरलाही ढकलत असतो, त्यामुळे रिंग नुसती गुळगुळीत फिरली म्हणून काम झालं असं होत नाही.

रिंग मुळात जाम का होते यावर मतभेद आहेत. ग्रीस म्हणजे तेल आणि त्याला धरून ठेवणारा साबण. एक मत असं की काळाबरोबर यातलं तेल सुटून निघून जातं, थोडं उडतं, थोडं पसरतं, आणि हेलिकॉइडच्या, म्हणजे लेन्स पुढेमागे सरकवणाऱ्या आटेदार नळीच्या, आट्यांत नुसता साबण मागे राहतो जो मेणासारखा घट्ट असतो. याच्या बाजूने सांगितला जाणारा पुरावा म्हणजे जड फोकस रिंग आणि तेलकट शटरची पाती ही जोडी एकाच कॅमेऱ्यात फार वेळा दिसते, म्हणजे आट्यांतलं तेल पात्यांवर गेलं असं धरायला जागा आहे. दुसरं मत पितळेकडे बोट दाखवतं. ग्रीसमधली फॅटी ॲसिडं पितळेतल्या तांब्याशी रिॲक्ट होऊन तांब्याचा साबण बनतो, तो हिरवा असतो आणि पुढे गोंदासारखा धरतो. १९५० च्या दशकातल्या आग्फाच्या सिलेट आणि आयसोलेट घराण्यातला तो कुप्रसिद्ध हिरवा ग्रीस याचं उदाहरण म्हणून कायम पुढे केला जातो. त्यातला पुढचा लेन्सचा भाग कधीकधी इतका पक्का बसलेला असतो की रिंगेचे स्क्रू सैल करून बाहेरची रिंग फिरवली तर ती एकटीच फिरते आणि आतलं पितळ जागचं हलत नाही. आता हा ग्रीस कारखान्यातूनच हिरवा होता की नंतर झाला यावर जाणकारांचं एकमत नाही. दोन्ही मतांत तथ्य दिसतं, पण नुसत्या ॲल्युमिनियमच्या हेलिकॉइडीही जाम होतात आणि तिथे तांबंच नाही, त्यामुळे सर्वसाधारण कारण म्हणून तेल निघून जाण्याचं मत जास्त पटणारं, पितळेचं मत आग्फासारख्या केसेसपुरतं. याशिवाय धूळ, वाळू, पुढच्या फिल्टरच्या कडेला बसलेला मार आणि आधीच्या कुणीतरी सोडलेलं चुकीचं तेल ही कारणं आहेतच, त्यावर वाद नाही.

काही रिंगा जाम नसतातच, त्या लॉक असतात, आणि हे आधी न बघता जोर लावणारे लोक कॅमेरे मोडतात. कॉन्टॅक्स आणि त्याच्यावरून बनलेल्या कीव्ह कॅमेऱ्यांत अनंतावर (सगळ्यात दूरच्या फोकसवर) एक खटका असतो, तो दाबल्याशिवाय फोकस हलत नाही. १९५० च्या दशकातल्या बऱ्याच जर्मन कॅमेऱ्यांत शटर आणि ॲपर्चर ईव्ही (दोन्ही मिळून किती प्रकाश पडेल तो) आकड्याने एकमेकांत अडकवलेले असतात, एक फिरवलं की दुसरं सोबत फिरतं आणि टोकाला जाऊन अडतं. जुन्या कॉम्पूर-रॅपिड शटरला १/५०० वर जादा स्प्रिंग लागते, म्हणून तिथे रिंग जड लागणं नॉर्मल आहे, आणि तो स्पीड शटर कॉक करायच्या (ताणून तयार ठेवायच्या) आधी लावायचा असतो, नंतर नाही.

खरोखर जाम असेल तर पहिला उपाय सौम्य उष्णतेचा, हेअर ड्रायर थोडा लांबून, ग्रीस मऊ झाला की रिंग हळूहळू पुढेमागे. यात जी मोकळीक मिळते ती बहुतेक वेळा थंड झाल्यावर परत जाते, पण नेमकं काय अडकलंय ते कळतं. डब्ल्यूडी-४० किंवा शिवणयंत्राचं तेल बाहेरून सोडणं हा सगळ्यात प्रसिद्ध आणि सगळ्यात वाईट उपाय, दोन दिवस रिंग छान फिरते आणि तोवर तेल पात्यांवर पोचलेलं असतं. लायटरचं पेट्रोल थेंबाथेंबाने चालतं, पण ते जुना ग्रीस विरघळवून आतच वाहवतं, म्हणून भाग न सोडवता ते वापरणं अर्धवट काम. ॲसिटोन स्क्रूवरची लाख मऊ करायला एखादा थेंब ठीक, रंगवलेल्या आकड्यांजवळ आणि प्लास्टिकजवळ अजिबात नको.

पक्कं काम म्हणजे हेलिकॉइड पूर्ण सोडवणं. रिंगेच्या कडेला बहुधा तीन बारके ग्रब (बिनडोक्याचे) स्क्रू असतात, ते सैल करायच्या आधी फोकस अनंताच्या खुणेवर ठेवून रिंग आणि बॅरल (लेन्सची नळी) दोन्हींवर सुईने बारीक रेघ मारतात. मग आतला भाग सावकाश उलटा फिरवत जायचा आणि ज्या क्षणी आटे सुटतात त्या जागेवर दुसरी खूण करायची, हीच खूण सगळ्यात महत्त्वाची, कारण फोकसच्या हेलिकॉइडीला एक नाही तर अनेक आटे एकाच वेळी सुरू होतात आणि परत बसवताना चुकीच्या सुरुवातीवर गेलं तर रिंग मस्त फिरेल, पण अनंताला फोकस येणार नाही. जुना ग्रीस टूथपिक आणि लायटरच्या पेट्रोलने शेवटच्या खाचेपर्यंत काढावा लागतो, नवा ग्रीस हेलिकॉइडचाच, अगदी पातळ थर. ॲपर्चर रिंगेला इतकं काही लागत नाही, तिथे बहुतेक वेळा नुसती घाण असते आणि क्लिक देणारा छोटा छर्रा, जो रिंग उचलली की उडून जातो. साफ करून ती कोरडीच, किंवा जवळजवळ कोरडी, बसवतात.

बसवल्यावर आधी लेन्सचा अनंत बघायचा, रेंजफाइंडर नंतर. फिल्म जिथे असते त्या रुळांवर दुधी काच किंवा मॅट टेप ताणून, शटर बी वर (दाबून ठेवाल तोवर उघडं राहणाऱ्या सेटिंगवर) उघडं, ॲपर्चर पूर्ण उघडं, आणि दूरच्या वस्तूची बाह्यरेषा भिंगातून. स्क्रू माउंट (आट्यांनी लेन्स बसणाऱ्या) लायकाच्या लेन्सना बसण्याच्या जागेपासून फिल्मपर्यंतचं अंतर २८.८ मिमी ठरलेलं आहे, फिक्स लेन्सवाल्यांत असा काही सोयीचा आकडा नाही, तिथे काचेवर दिसेल तेच खरं. ते बरोबर आल्याशिवाय रेंजफाइंडरच्या दोन प्रतिमा जुळवायला जाऊ नये, नाहीतर खिडकीत सगळं जुळतं आणि फोटो मऊ येतात.

फिल्म स्पीडची (फिल्म प्रकाशाला किती संवेदनशील ते लावायची) रिंग, म्हणजे एएसएची, क्वचितच अशी जाम होते. झाली तरी तिचं काम प्रकाश मोजणाऱ्या मीटरशी जोडलेलं असतं, काही मॉडेलांत ती मीटरच्या प्रकाश टिपणाऱ्या सेलच्या पुढचा छोटा पडदा फिरवते, म्हणून तिथे ग्रीस लावत नाहीत.