पी०४२० आला म्हणून मागचा ऑक्सिजन सेन्सर बदलू नका

पी०४२० म्हणजे गाडीच्या संगणकाने दाखवलेला बिघाडाचा कोड. ऑक्सिजन सेन्सर दोन असतात, पुढचा आणि मागचा. पुढचा सेन्सर तुम्हाला ठाऊकच आहे. इंजिनाचा धूर गोळा करणाऱ्या मॅनिफोल्डवर बसतो, जळलेल्या वायूत ऑक्सिजन किती उरला ते सांगतो आणि त्यावरून ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, पेट्रोल कमीजास्त करतो. तो मेला की ॲव्हरेज पडतं, एमिशन टेस्टला गाडी अडकते.

घोळ होतो तो मागच्यापाशी. धूर स्वच्छ करणाऱ्या कन्व्हर्टरनंतरचा हा सेन्सर दिसायला तसाच, पानाही २२चाच. (२०१३ आधीच्या बऱ्याच गाड्यांना तो नसतोच, आधी खाली वाकून बघा.) पण त्याचं काम राखणदाराचं, कन्व्हर्टर चालतोय का एवढंच बघायचं. हवा-पेट्रोलचं मिश्रण ठरवण्यात त्याचा हात नसल्यातच जमा. तरी कोड वाचणाऱ्या स्कॅनरवर पी०४२० उमटला की बेळगावापासून निपाणीपर्यंत एकच निकाल: "मागचा सेन्सर गेला, बदला." अहो, चोर आला म्हणून राखणदार ओरडला तर त्यालाच कामावरून काढायचं काय?

पी०४२० म्हणजे कन्व्हर्टर कमी पडतोय. मागच्या सेन्सरचे स्वतःचे कोड वेगळे, पी०१३६ ते पी०१४१. पुढच्याचे पी०१३० ते पी०१३५. दोन्हींतले शेवटचे, पी०१३५ आणि पी०१४१, सेन्सर तापवणाऱ्या आतल्या हीटरचे.

कोडवर विश्वास नसेल तर ब्लूटूथ स्कॅनरवर आकडे बघा, पण इंजिन तापल्यावर. सुमारे ३०० अंश सेल्सिअसच्या खाली सेन्सर धड बोलत नाही. जुन्या झिरकोनिया प्रकारात पुढच्याचं व्होल्टेज ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये सारखं नाचलं पाहिजे. मागच्याचं ०.६-०.७ च्या आसपास जवळजवळ स्थिर हवं. मागचंही पुढच्याबरोबर नाचत असेल, तर मागचा सेन्सर ठणठणीत आहे आणि कन्व्हर्टर संपलाय. फक्त आधी सायलेन्सरच्या जोडातून हवा शिरत नाही ना, ते तपासा. मागच्याचा आकडा एकाच जागी अडकला असेल तर चोर्ला घाट उतरताना बघा. गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर सोडला की इंजेक्टर पेट्रोल तोडतात, दोन्ही आकडे शून्याजवळ यायला हवेत. मागचा तिथंही हलला नाही, तर मात्र वायर, कपलर (वायरीचा जोड) बघून खुशाल बदला. मोबाइल शेजारच्याच्या हातात द्या, त्या वळणांवर स्वतः बघू नका.

काढणं-बसवणं दोघांचं सारखंच. खानापूरकडच्या पावसात चिखल उडून मागचा गंजाने जास्त चिकटतो, म्हणून इंजिन कोमट असताना, गंज सोडवणारं तेल मारून, वायर जाण्यापुरती फट असलेल्या सॉकेटने सोडवा. नव्याच्या आट्यांवर बहुधा ग्रीस असतंच. त्यावर सिलिकॉन सीलंट फासणाऱ्याला मी गाडीला हात लावू देणार नाही, त्याच्या वाफेने सेन्सर मरतो. माझं मत, गाडीच्याच कपलरचा सेन्सर घ्यावा. वायर कापून जोडायचा घेतलाच तर सोल्डर नको, क्रिम्प करा, म्हणजे दाबून जोडा. अनेक सेन्सर धुराशी तुलना करायला लागणारी बाहेरची हवा वायरीच्या आतूनच घेतात, सोल्डरने ती वाट बुजते.