कळंबा कारागृहात बंद्याचा मृत्यू झाला तर : चौकशी, भरपाई आणि मानवी हक्क आयोगाकडे तक्रार कशी करायची

कोल्हापूरच्या कळंबा मध्यवर्ती कारागृहातला बंदी दगावला की नातेवाइकांची धावपळ बहुधा सीपीआरच्या (छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयाच्या) शवागारापासून सुरू होते. तिथे पंचनामा, ओळख पटवणे, सह्या असे सगळे एकदम अंगावर येते. पुढे भरपाई मिळेल का, गुन्हा दाखल होईल का, हे मात्र एकाच गोष्टीवर ठरते. मृत्यूची नोंद आजारपण, आत्महत्या, मारहाण की उपचारातली हयगय यांपैकी कोणत्या रकान्यात होते, ती ही गोष्ट. तो रकाना भरायला पहिल्या काही दिवसांतच सुरुवात होते आणि घरचे नेमके तेव्हाच रक्षाविसर्जनात अडकलेले असतात. त्यामुळे घरातल्या एकाने तरी कागदाच्या मागे राहावे.

चौकशी न्यायदंडाधिकाऱ्यांची

भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे. तिच्या कलम १९६ नुसार पोलीस कोठडीत किंवा न्यायालयाने पाठवलेल्या कोठडीत मृत्यू झाल्यास पोलीस तपासाबरोबरच न्यायदंडाधिकाऱ्यांची वेगळी चौकशी व्हावीच लागते. जुन्या फौजदारी संहितेत ही तरतूद २००५ च्या दुरुस्तीने आली होती. नैसर्गिक मृत्यू आहे म्हणून चौकशी नाही, असे कोणी सांगितले तर ते ऐकून घेऊ नका. कायद्यात तशी सूट नाही.

मृत्यूनंतर २४ तासांत मृतदेह शल्यचिकित्सकांकडे किंवा शासनाने नेमलेल्या डॉक्टरांकडे तपासणीला पाठवायचा असतो. ते शक्य नसेल तर कारण लेखी नोंदवावे लागते. शवविच्छेदनाचे व्हिडिओ चित्रीकरण करावे, असे राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने १९९५ पासून राज्यांना सांगितले आहे. चित्रीकरण होणार आहे ना, हे शवविच्छेदन सुरू होण्यापूर्वीच विचारा.

ज्यांची नावे-पत्ते माहीत आहेत अशा नातेवाइकांना शक्य तिथे चौकशीची खबर द्यायची आणि हजर राहू द्यायचे, हेही याच कलमात आहे. पण इथे नातेवाईक म्हणजे आई-वडील, मुले, भाऊ-बहीण आणि पती किंवा पत्नी, एवढेच. आपल्याकडे प्रत्यक्षात पळापळ करतो तो चुलता नाहीतर मेहुणा. त्याला साक्ष देता येईल, पण नोटीस मात्र यादीतल्या माणसाच्या नावाने निघेल. म्हणून अर्ज आई, पत्नी किंवा भावाच्या सहीने करा.

चौकशी कोणत्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडे आहे, हे जुना राजवाडा पोलीस ठाण्यात किंवा कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांच्या कार्यालयात विचारा. त्यांच्या नावे साध्या कागदावर अर्ज लिहा. मृताचे नाव, बंदी क्रमांक, न्यायाधीन (खटला चालू असलेला) होता की शिक्षा झालेला, मृत्यूची तारीख, तुमचे नाते आणि मोबाईल नंबर घाला. त्याखाली मागणी नेमकी असू द्या : आमचा जबाब घ्यावा, दाखल होतानाच्या तपासणीपासूनची कारागृह दवाखान्याची नोंद मागवावी, त्याच बराकीतल्या बंद्यांचे जबाब घ्यावेत, सीसीटीव्हीचे चित्रण जपून ठेवण्याचा आदेश द्यावा. यातले शेवटचे सर्वांत तातडीचे, कारण जुन्या चित्रणावर नवे चढत जाते. तुरुंगांत कॅमेरे बसवा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्येच सांगितले आहे, त्यामुळे ही मागणी जगावेगळी नाही.

शेवटच्या मुलाखतीत किंवा फोनवर बंद्याने छातीत दुखते, औषध मिळत नाही, कोणी मारले असे काही सांगितले असेल तर ते जबाबात तारखेसकट आले पाहिजे. घरी लिहिलेले पत्र असेल तर मूळ प्रत स्वतःकडे ठेवून झेरॉक्स द्या. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवकचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

भरपाईला कोण पात्र

सप्टेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १,३८२ तुरुंगांच्या दुरवस्थेच्या प्रकरणात उच्च न्यायालयांना सांगितले, की २०१२ ते २०१५ मधल्या अनैसर्गिक मृत्यूंचे वारस शोधा आणि त्यांना भरपाई द्या. महाराष्ट्राने भरपाईचे धोरण मंजूर केले ते एप्रिल २०२५ मध्ये. काम करताना अपघात, वैद्यकीय अधिकाऱ्यांचा निष्काळजीपणा, कारागृह कर्मचाऱ्यांची मारहाण किंवा बंद्यांमधली भांडणे यांतून मृत्यू झाला आणि चौकशीत ते सिद्ध झाले तर वारसांना ५ लाख रुपये. आत्महत्या असेल तर १ लाख. वार्धक्य, दीर्घ आजार, पळून जाताना झालेला अपघात, जामिनावर असतानाचा मृत्यू किंवा बंद्याने स्वतः उपचार नाकारल्यामुळे झालेला मृत्यू यांना काहीच नाही.

दीर्घ आजार आणि उपचारातली हयगय यांच्यात ५ लाखांचे अंतर आहे, आणि ते मोजले जाते कारागृह दवाखान्याच्या वहीवरून. सीपीआरला पाठवा असे डॉक्टरांनी कधी लिहिले आणि बंद्याला प्रत्यक्षात कधी नेले, या दोन तारखा शेजारी ठेवून पाहा. मधे दिवस गेले असतील तर कारण विचारा. पोलीस गार्ड मिळाला नाही, हे उत्तर आले तर तेही लेखीच घ्या.

भरपाईचा प्रस्ताव कारागृह अधीक्षक तयार करतात. प्राथमिक चौकशी, पंचनामा, शवविच्छेदन, वैद्यकीय अहवाल, न्यायालयीन आणि जिल्हाधिकारी स्तरावरची चौकशी हे सगळे जोडून तो कारागृहाच्या प्रादेशिक प्रमुखांकडे जातो. तिथे छाननी होऊन पुण्याला अपर पोलीस महासंचालकांकडे, आणि मग निर्णय शासनाचा. म्हणजे ज्यांच्या आवारात माणूस गेला, पहिला कागद त्यांच्याच टेबलावर तयार होतो. मला ही या धोरणातली सर्वांत कच्ची जागा वाटते. म्हणून अधीक्षकांना वारसांचा स्वतंत्र अर्ज द्या आणि त्याची प्रत प्रादेशिक कार्यालयाला रजिस्टर पोस्टाने पाठवा. सोबत मृत्यूचा दाखला, आधार, रेशनकार्ड, विवाह नोंदणीचा दाखला किंवा मुलांचे जन्मदाखले आणि बँक पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत लावा. वारसांत वाद असेल तर दिवाणी न्यायालयाचे वारस प्रमाणपत्र काढावे लागेल. मृत्यूची खबर जन्म-मृत्यू निबंधकाला देण्याची जबाबदारी तुरुंगात मृत्यू झाला तर जेलरची आणि रुग्णालयात झाला तर तिथल्या प्रमुखांची असते. सीपीआरमधल्या मृत्यूचा दाखला महापालिकेतून मिळतो.

आयोगाचे दार

कोठडीतल्या मृत्यूची खबर २४ तासांत राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाला द्यायची, हा दंडक १९९३ चा आहे. पण सरकारी खबरेत घरच्यांची बाजू नसते, म्हणून आपली तक्रार वेगळी करा. शुल्क नाही, वकील लागत नाही, मराठीत लिहिले तरी चालते. चुलता, मित्र, संस्था असे कोणीही पीडिताच्या वतीने लिहू शकते. मुदत घटनेपासून १ वर्ष. निनावी किंवा मोघम तक्रार फेटाळली जाते. तक्रार ऑनलाइन करता येते. मदतीसाठी १४४३३ क्रमांक आहे.

मुंबईत राज्य मानवी हक्क आयोगही आहे. दोन्हीकडे एकदम अर्ज टाकण्याचा मोह टाळा. राज्य आयोगापुढे प्रकरण असेल तर राष्ट्रीय आयोग त्यात हात घालत नाही. आयोग भरपाईची शिफारस करतो, हुकूम नव्हे, हेही आधीच माहीत असलेले बरे.

एकाच कारणाने वारंवार मृत्यू होत असतील, समजा दवाखान्यात न्यायला गार्डच मिळत नाही, तर अभ्यागत मंडळाला लिहा. जिल्हा न्यायाधीश, जिल्हाधिकारी यांसारखे अधिकारी आणि काही अशासकीय सदस्य त्यात असतात. वैयक्तिक भरपाई ते देत नाहीत, पण कारागृहात जाऊन पाहणी करून शेरा लिहिण्याचा अधिकार त्यांना आहे.

वकील, माहिती अधिकार, हायकोर्ट

जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. इतर बहुतेकांना उत्पन्न मर्यादा आहे. पत्नी किंवा आई अर्जदार असेल तर प्रश्नच मिटतो. हेल्पलाइन १५१००.

कागद देत नसतील तर १० रुपयांचे कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकाराचा अर्ज करा. तपास सुरू आहे एवढेच सांगून नकार आला तर माहिती दिल्याने तपासात अडथळा कसा येतो, याची कारणे मागत ३० दिवसांत पहिले अपील करा.

न्यायदंडाधिकाऱ्यांच्या अहवालात दोष दिसला तरी गुन्हा आपोआप दाखल होतो असे नाही. परभणीतल्या डिसेंबर २०२४ च्या कोठडीतल्या मृत्यूत मृताच्या आईला उच्च न्यायालयात जावे लागले, तेव्हा २०२५ मध्ये गुन्हा नोंदवण्याचा आदेश झाला. कोल्हापूरकरांना आता त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सीपीआरसमोरच सुरू आहे. धोरणातले ५ लाख ही तिथली कमाल मर्यादा नाही; कोठडीतल्या मृत्यूला घटनात्मक हक्काचा भंग मानून न्यायालय भरपाई देऊ शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्येच ठरवले आहे. याचिकेला शिक्का मारलेल्या सगळ्या अर्जांच्या प्रती तारखेच्या क्रमाने जोडा.