मूल हलवायचं कुणी ठरवायचं? इंग्लंडमधल्या फॉस्टर पालकांच्या वादाची पार्श्वभूमी

इंग्लंडमध्ये आई-वडिलांकडे सुरक्षित नसलेलं मूल स्थानिक कौन्सिल आपल्या देखरेखीखाली घेते आणि बहुतेक वेळा एखाद्या फॉस्टर कुटुंबाकडे सोपवते. खाणंपिणं, शाळा, दुखणीखुपणी, रात्री दचकून उठणं, सगळं हे कुटुंब सांभाळतं. मूल तिथे किती काळ राहणार आणि पुढे कुठे जाणार, हे मात्र कौन्सिल ठरवते. फॉस्टर पालक आणि कौन्सिल यांच्यातल्या वादाचं मूळ या वाटणीत आहे, आणि ती वाटणी दोन मुलांच्या मृत्यूंनंतर घडत गेली.

पहिला मृत्यू डेनिस ओ'नीलचा. जानेवारी १९४५ मध्ये श्रॉपशरमधल्या एका शेतघरात हा १२ वर्षांचा मुलगा मारहाणीने आणि उपासमारीने गेला. वेल्समधल्या न्यूपोर्टच्या कौन्सिलने त्याला दुसऱ्या परगण्यात ठेवलं होतं, आणि दोन कौन्सिलांमध्ये त्याच्याकडे लक्ष देण्याची जबाबदारी कुणीच नीट उचलली नाही. सांभाळणाऱ्या माणसाला सदोष मनुष्यवधासाठी ६ वर्षांची शिक्षा झाली. आई-वडिलांपासून दूर वाढणाऱ्या मुलांच्या सांभाळाची पाहणी करणाऱ्या कर्टिस समितीचा १९४६ चा अहवाल आणि १९४८ चा बालक कायदा या वातावरणात आले. कौन्सिलांना बाल समित्या आणि बाल अधिकारी मिळाले. १९५५ च्या नियमांनुसार फॉस्टर पालकांना एका हमीपत्रावर सही करावी लागे. हे मूल आम्ही पोटच्या मुलासारखं वाढवू, असं त्यात होतं. आणि कौन्सिलचा माणूस मागेल तेव्हा ते परत देऊ, असंही त्याच कागदावर होतं. डेनिसनंतर असा अधिकार हाती ठेवावासा वाटणं समजण्यासारखं आहे. पण जीव लावून सांभाळणाऱ्या घरांनीही तीच सही केली, आणि त्यांनी दाद कुठे मागायची याचा विचार कुणी केला नाही.

मग मारिया कोलवेल. ही मुलगी तान्ही असल्यापासून आत्याच्या घरी फॉस्टर म्हणून वाढली. सहा वर्षांची असताना, १९७१ मध्ये, तिला आई आणि सावत्र वडिलांकडे परत पाठवण्यात आलं. ती जायला तयार नव्हती, पळून आत्याकडे येत होती. तरीही ईस्ट ससेक्सच्या कौन्सिलने न्यायालयात आईच्या अर्जाला विरोध केला नाही. शेजारी तक्रारी करत राहिले. जानेवारी १९७३ मध्ये ब्रायटनमध्ये सावत्र वडिलांच्या मारहाणीत मारिया मेली. तिला सर्वांत जास्त ओळखणारी माणसं आत्याच्या घरातली होती, आणि त्यांच्या सांगण्याला वजन नव्हतं. पुढच्या प्रत्येक वादात हीच उणीव दिसते, म्हणून हे प्रकरण मला या साऱ्या इतिहासाच्या मध्यभागी वाटतं.

१९७५ च्या कायद्याने, मूल काही वर्षं आपल्याकडे राहिलं असेल तर न्यायालयाकडून त्याचा कायदेशीर ताबा मागण्याची वाट फॉस्टर पालकांना दिली. ती तरतूद प्रत्यक्ष लागू व्हायला १९८५ चा डिसेंबर उजाडला. एका मुलाच्या बालपणाएवढा हा काळ! दरम्यान १९८१ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, लिव्हरपूलच्या एका खटल्यात ठरवलं की, संसदेने कौन्सिलवर सोपवलेल्या निर्णयांत न्यायालयांनी मुलाचे पालक म्हणून निर्णय घेण्याच्या आपल्या जुन्या अधिकाराने ढवळाढवळ करू नये. तो खटला एका आईचा होता, पण त्याने फॉस्टर पालकांचाही एक रस्ता बंद झाला.

१९८९ च्या बालक कायद्याने जुनी ताब्याची सोय काढून टाकली. नातेवाईक नसलेल्या फॉस्टर पालकांना मूल आपल्याकडे राहावं म्हणून न्यायालयात अर्ज करण्याची परवानगी मागायची, तर कौन्सिलची संमती हवी किंवा मूल तीन वर्षं त्यांच्याकडे राहिलेलं हवं. अडचणीच्या काळात मूल कौन्सिलकडे देणाऱ्या आई-वडिलांना ते कायमचं गमावण्याची धास्ती वाटू नये, हा त्यामागचा हेतू होता, आणि तो खोटा नव्हता. २००२ च्या कायद्याने ही मुदत एका वर्षावर आणली आणि सांभाळणाऱ्याला मुलाचं पालकत्व देणारा 'विशेष पालकत्वाचा' आदेशही उपलब्ध करून दिला. पण पुष्कळ वाद त्या वर्षाच्या आतच उभे राहतात. आठ महिने सांभाळलेलं बाळ दुसरीकडे हलवायचं ठरलं, तर उरतो तो न्यायिक पुनर्विलोकनाचा मार्ग. तिथे निर्णय बाळाच्या भल्याचा आहे का, हे न्यायाधीश स्वतः ठरवत नाहीत. तो कायदेशीर पद्धतीने घेतला का, एवढंच पाहतात.

२००९ पासून फॉस्टर पालकांना एका स्वतंत्र पुनरावलोकन यंत्रणेकडे जाता येतं. मात्र ती फॉस्टर पालक म्हणून त्यांच्या मान्यतेचा प्रश्न पाहते, मुलाच्या जागेचा नाही, आणि तिची शिफारस बंधनकारकही नसते. २०१२ मध्ये रॉदरहॅमच्या कौन्सिलने एका जोडप्याकडची तीन मुलं हलवली, कारण ते युरोपीय महासंघाला विरोध करणाऱ्या यूकिप या राजकीय पक्षाचे सदस्य होते. देशभर गदारोळ झाला. एवढा बोभाटा फार थोड्या प्रकरणांचा होतो.

युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २०१० मध्ये इटलीतल्या मोरेत्ती आणि बेनेदेत्ती खटल्यात मान्य केलं की, फॉस्टर पालक आणि मूल यांच्यातलं नातंही कौटुंबिक जीवन ठरू शकतं. ते बाळ त्या घरी १९ महिने राहिलं होतं. इंग्लंडमध्ये मात्र फॉस्टर करार हा नोकरीचा करार नाही, अशीच भूमिका न्यायालयांनी घेतली होती, त्यामुळे कामगार म्हणूनही या पालकांना आधार नव्हता. त्यांच्या संघटनेची कामगार संघटना म्हणून नोंदणी याच कारणाने नाकारली गेली. २०२१ मध्ये अपील न्यायालयाने हा नकार संघटना स्वातंत्र्याच्या विरोधात असल्याचं सांगितलं. आता कौन्सिलसमोर ते एकत्र उभे राहू शकतात. मूल कुठे राहणार, हा निर्णय मात्र अजून कौन्सिलच घेते.