तिसऱ्या महिन्यात टीएसएच घटले : गर्भधारणेचा परिणाम की ग्रेव्हज आजार?

निपाणी, चिकोडी, खानापूर भागातील एखाद्या गर्भवतीच्या तायी कार्डाला (कर्नाटकातील माता-आरोग्य नोंदपत्राला) जोडलेल्या अहवालात टीएसएच (थायरॉइड ग्रंथीला कामाला लावणारे संप्रेरक) ०.०५ इतके कमी छापलेले दिसले, की घरात ‘हिला थायरॉइड झाला’ अशी चर्चा सुरू होते. आकडा खरा असतो, पण त्यामागचे कारण दोहोंपैकी कोणतेही असू शकते.

बहुतेक वेळा ही गर्भधारणेमुळे झालेली थायरॉइड संप्रेरकांची तात्पुरती वाढ असते; ती संप्रेरके वाढली की टीएसएच घटते. वारेतून स्रवणारे एचसीजी हे संप्रेरक रचनेने टीएसएचशी इतके मिळतेजुळते असते, की ते स्वतःच थायरॉइड ग्रंथीला चालना देते. आठव्या ते अकराव्या आठवड्यात त्याची पातळी सर्वाधिक असते आणि त्याच सुमारास टीएसएच खाली जाते. जुळी असली किंवा उलट्यांमुळे पोटात पाणीही ठरत नसले, तर ते अधिकच उतरते. एचसीजी ओसरले की चौथ्या-पाचव्या महिन्यापर्यंत बहुधा सारे पूर्ववत होते. अशा वेळी सलाइन आणि उलटीवरचे औषध पुरते. थायरॉइड दाबणारी गोळी लागत नाही.

ग्रेव्हज आजारात मात्र शरीरातील प्रतिपिंडेच (अँटीबॉडीज) ग्रंथीला सतत डिवचत राहतात. धडधड, घाम, वजन घटणे ही लक्षणे दोन्हीकडे आढळत असल्याने त्यांवरून निवाडा होत नाही. गळ्याची सूज, पुढे आलेले डोळे आणि दिवस जाण्याआधीपासूनचा त्रास हे अधिक बोलके असतात. म्हणूनच जुना अहवाल मोलाचा ठरतो, आणि तो नेमका गडहिंग्लजला माहेरी राहिलेला असतो. तो मागवून घ्यावा. शंका उरल्यास टी३, फ्री टी४ (थायरॉइडची संप्रेरके) आणि टीएसएच रिसेप्टर प्रतिपिंडांची रक्ततपासणी करतात. किरणोत्सारी आयोडिनचा स्कॅन गरोदरपणात करत नाहीत.

थायरॉइड दाबणाऱ्या कार्बिमाझोल या गोळीमुळे पहिल्या तिमाहीत गर्भात व्यंग येण्याचा धोका असल्याने गोळी लागलीच, तर त्या काळात प्रोपिलथायोयुरासिल ही दुसरी गोळी निवडतात, जरी त्याने यकृताला इजा होऊ शकते. मात्र भीतीपोटी चालू गोळी परस्पर बंद करणेही घातक आहे, कारण आजार अनियंत्रित राहिल्यास रक्तदाब वाढणे, अपुऱ्या दिवसांची प्रसूती आणि बाळाचे वजन कमी भरणे हे धोके वाढतात.

एक बाब हमखास निसटते. ग्रेव्हजसाठी पूर्वी ग्रंथी काढलेली आणि आता थायरॉक्सिन (थायरॉइड संप्रेरकाची गोळी) घेणारी स्त्री स्वतःला बरी समजते, पण तिची प्रतिपिंडे वार ओलांडून बाळाच्या ग्रंथीला चेतवू शकतात. त्यामुळे ही शस्त्रक्रिया प्रसूतितज्ज्ञांना पहिल्याच भेटीत सांगावी. प्रतिपिंडे जास्त आढळल्यास अठराव्या ते बाविसाव्या आठवड्यात ती पुन्हा मोजतात आणि जन्मानंतर बाळाचीही तपासणी करतात.