हायब्रिड गाडी पेट्रोल वाचवते ते नेमकं कुठून?

साध्या पेट्रोल गाडीचं अ‍ॅव्हरेज शहरात घसरतं आणि हायवेला लागलं की सुधारतं, हे गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं. हायब्रिडने, म्हणजे पेट्रोल इंजिनाच्या जोडीला विजेची मोटर आणि बॅटरी असलेल्या गाडीने, हा नियम उलटा करून दाखवला. टोयोटा प्रियसच्या २०१० च्या मॉडेलला अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने, म्हणजे ईपीएने, दिलेले आकडे पाहा: शहरात गॅलनमागे ५१ मैल, हायवेवर ४८. आपल्या हिशेबात लिटरमागे साधारण २१.७ आणि २०.४ किलोमीटर.

या उलट्या आकड्यांवरून दोन समजुती पसरल्या. एक, हायब्रिड फक्त शहरापुरती; हायवेवर तिची बॅटरी म्हणजे निव्वळ ओझं. दुसरी, शहरात ती विजेवर चालते म्हणून पेट्रोल वाचतं. पहिली अर्धवट खरी आहे, दुसरी सरळ चुकीची. ज्या हायब्रिडला चार्जिंगचा प्लग नसतो, तिच्या बॅटरीतली सगळी वीज शेवटी टाकीतल्या पेट्रोलमधूनच आलेली असते. बाहेरून एक युनिटही येत नाही. म्हणून बघायला हवं ते हे, की साधी गाडी पेट्रोल कुठे वाया घालवते आणि त्यातलं किती वाचवण्याजोगं आहे. शहरातल्या नासाडीचा बराच भाग टाळता येतो. हायवेवरची बहुतेक ऊर्जा हवा बाजूला सारण्यात जाते, आणि हवेकडून काहीच परत घेता येत नाही.

आधी सिग्नलचं बघू. १४०० किलो वजनाची गाडी ताशी ५० किमी वेगाने धावते आहे. तिच्या गतीत साठलेली ऊर्जा साधारण १३५ किलोज्यूल होते. एक लिटर पेट्रोलमध्ये जवळपास ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, पण वेग घेताना इंजिन त्यातला चौथा हिस्साच चाकांपर्यंत पोचवतं असं धरलं, तर तो वेग गाठायला साधारण १७ मिलिलिटर पेट्रोल जळलं. म्हणजे तीन चमचे आणि वर थोडं. पुढे लाल दिवा लागला, ब्रेक दाबला, की तेवढं सगळं ब्रेक पॅड आणि डिस्क तापवण्यात संपलं. दहा किलोमीटरच्या रस्त्यात असं पंधरा वेळा झालं, तर पाव लिटर पेट्रोल फक्त लोखंड तापवण्यात गेलं.

हायब्रिडमध्ये ब्रेकचं पेडल दाबल्यावर आधी मोटर उलट्या भूमिकेत जाते. चाकं तिला फिरवतात, ती वीज तयार करते, वीज बॅटरीत जाते आणि गाडी मंदावते. पुढच्या वेळी वेग घेताना तीच वीज कामी येते. मात्र प्रत्येक टप्प्यावर थोडी गळती होते: मोटरमध्ये, इन्व्हर्टरमध्ये, बॅटरीत शिरताना, बॅटरीतून निघताना आणि पुन्हा मोटरमध्ये. शिवाय वेग कमी होत असताना टायर आणि हवा आपापला वाटा काढून घेतातच. एवढं सगळं वजा जाता गतीतल्या ऊर्जेचा निम्म्याच्या आसपासचा भाग पुन्हा चाकांवर आला, तरी तो उत्तम सौदा आहे. साध्या गाडीत हा आकडा शून्य असतो.

हा निम्मा हिस्साही ब्रेक कसा दाबला यावर ठरतो, आणि हायब्रिड चालवणाऱ्याच्या हातातली, खरं तर पायातली, सगळ्यात मोठी गोष्ट हीच आहे. वरचीच गाडी ५० च्या वेगावरून आठ सेकंदांत सावकाश थांबवली, तर सुरुवातीच्या क्षणी साधारण ३० किलोवॅट शक्ती शोषावी लागते. प्रियससारख्या गाडीची छोटी बॅटरी २५ ते ३० किलोवॅट घेऊ शकते, म्हणजे जवळजवळ सगळं तिच्या आवाक्यात बसतं. तीच गाडी तीन सेकंदांत करकचून थांबवली, तर तो आकडा ९० किलोवॅटच्या घरात जातो. तेवढं बॅटरीला झेपत नाही. उरलेलं काम नेहमीचे ब्रेक करतात आणि ती ऊर्जा उष्णता होऊन जाते. गाडी तीच, रस्ता तोच, पण लांबून सिग्नल पाहून पाय हलका करणाऱ्याला आणि अगदी जवळ जाऊन ब्रेक मारणाऱ्याला वेगळं अ‍ॅव्हरेज मिळतं, ते यामुळे.

ब्रेकमधून वीज ही कल्पना इतकी आकर्षक आहे की हायब्रिडबद्दल सांगताना बहुतेक जण तिथेच थांबतात. माझ्या मते शहरातल्या बचतीचा दुसरा भाग तितकाच मोलाचा आहे आणि त्याच्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. तो म्हणजे नको त्या वेळी इंजिन बंद ठेवणं.

सपाट रस्त्यावर ताशी ५० किमीचा वेग नुसता टिकवायला या गाडीला किती शक्ती लागते? टायरचा रोध आणि हवेचा रोध मिळून जेमतेम ३ किलोवॅट. इंजिन मात्र ७०–८० किलोवॅटचं असतं, कारण कधीतरी ओव्हरटेक करायचं असतं, चढ चढायचा असतो. एवढ्या मोठ्या पेट्रोल इंजिनाकडून एवढंसं काम करून घ्यायचं, तर थ्रॉटलची, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी, झडप जवळपास मिटलेली ठेवावी लागते. मग तोंडावर घट्ट रुमाल धरून श्वास घ्यावा तशी इंजिनाची गत होते: हवा आत ओढण्यातच त्याची शक्ती जाते. त्यात इंजिनाचं अंतर्गत घर्षण काही काम कमी आहे म्हणून कमी होत नाही. चांगल्या भारावर पेट्रोलमधली ३५ ते ४० टक्के ऊर्जा कामी लावणारं इंजिन अशा हलक्या भारावर त्याच्या निम्म्याच्याही खाली घसरतं. सिग्नलवर उभ्या गाडीत तर कार्यक्षमता शून्यच. इंजिन तासाला अर्धा ते एक लिटर पेट्रोल पितं आणि गाडी एक इंचही हलत नाही.

हायब्रिड ही अवस्था टाळते. लागणारी शक्ती अगदी कमी असेल तेव्हा ती इंजिन बंद करून मोटरवर चालते. बॅटरी उतरली की इंजिन सुरू होतं, पण मरतमरत चालण्यासाठी नव्हे. चाकांना ३ किलोवॅट हवे असतील तर ते १२ किलोवॅट तयार करतं, उरलेले बॅटरीत भरतं आणि थोड्या वेळाने पुन्हा गप्प होतं. बॅटरीत साठवण्या-काढण्यात काही ऊर्जा गेली तरी चालतं, कारण ती मुळात कितीतरी स्वस्तात तयार झालेली असते. रांगत जाणाऱ्या ट्रॅफिकमध्ये, जिथे साध्या गाडीचं अ‍ॅव्हरेज पार कोसळतं, तिथे हायब्रिड टिकून राहते ती या शिस्तीमुळे.

आता हीच गाडी हायवेवर आणू. ताशी १०० किमीला हवेचा रोध ५० च्या वेगाच्या चौपट होतो, कारण तो वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. टायरचा रोध जवळपास तेवढाच राहतो. दोन्ही मिळून आता १२ किलोवॅटच्या पुढे शक्ती सतत लागते. इंजिनाला हा भार मानवतो. ते आपणहूनच चांगल्या कार्यक्षमतेने चालतं. सिग्नल नाहीत, त्यामुळे ब्रेकमधून मिळवण्यासारखं काही नाही. उभं राहणं नाही, त्यामुळे इंजिन बंद ठेवण्याची संधी नाही. शहरात बचतीची जी दोन साधनं होती, ती दोन्ही इथे बेकार बसतात.

उलट काही हायब्रिडना हायवेवर थोडी किंमत मोजावी लागते. प्रियसमध्ये इंजिन, जनरेटर आणि मोटर एका प्लॅनेटरी गिअरसंचाने, म्हणजे मधल्या चाकाभोवती छोटी दातेरी चाकं फिरणाऱ्या संचाने, जोडलेले असतात. इंजिनाच्या टॉर्कचा, म्हणजे फिरवण्याच्या जोराचा, साधारण ७२ टक्के वाटा गिअरमधून थेट चाकांकडे जातो, २८ टक्के जनरेटरकडे. जनरेटर त्याची वीज करतो आणि ती वीज मोटर पुन्हा चाकांवर फिरवते. यांत्रिक शक्तीची वीज आणि विजेची पुन्हा यांत्रिक शक्ती, या फेऱ्यात काही टक्के गळतात. होंडाच्या दोन मोटरींच्या हायब्रिडमध्ये यावर उपाय म्हणून हायवेच्या वेगाला एक क्लच इंजिनाला सरळ चाकांशी जोडतो आणि हा फेरा टाळतो. निस्सानच्या ई-पॉवर पद्धतीत इंजिन फक्त वीज तयार करतं, चाकं कायम मोटरच फिरवते. शहरात हे फार सुरेख चालतं, पण एकसारख्या वेगवान प्रवासात सगळीच शक्ती त्या फेऱ्यातून जात असल्यामुळे या पद्धतीला तिथे झगडावं लागतं.

म्हणून हायवेवर हायब्रिडचा उपयोग नाही, असं म्हणायचं का? इथे टोयोटा कॅमरीच्या २०१८ च्या मॉडेलचं उदाहरण डोळे उघडणारं आहे, कारण तीच गाडी साधी आणि हायब्रिड अशा दोन्ही रूपांत मिळत होती. एलई या प्रकारातल्या साध्या चार सिलिंडरच्या गाडीचे आकडे गॅलनमागे २८ आणि ३९ मैल, हायब्रिडचे ५१ आणि ५३. हायवेवरही हायब्रिड तिसऱ्या हिश्श्याहून जास्त पुढे, आणि तिचा हायवेचा आकडा शहरापेक्षा किंचित वरच. म्हणजे हायब्रिडचं अ‍ॅव्हरेज हायवेवर घसरलंच पाहिजे, असा कुठलाही नियम नाही.

हायवेवरच्या या बचतीचा मोठा भाग इंजिनाच्या जातीतून येतो. बहुतेक हायब्रिड गाड्या अ‍ॅटकिन्सन पद्धतीचं इंजिन वापरतात. १८८० च्या दशकात ब्रिटिश अभियंते जेम्स अ‍ॅटकिन्सन यांनी जळलेल्या वायूला जास्त प्रसरण पावू देण्याची कल्पना मांडली. आजच्या इंजिनात तोच परिणाम आत घेणारी झडप उशिरा बंद करून साधतात. पिस्टन वर येऊ लागला तरी झडप उघडी राहते, थोडी हवा परत बाहेर जाते, आणि नंतरचं प्रसरण मात्र पूर्ण होतं. वायूंतली जास्त ऊर्जा पिस्टनला मिळते. तोटा असा, की त्याच आकाराच्या इंजिनातून ताकद कमी निघते आणि कमी फेऱ्यांवर पिकअप मिळमिळीत होतो. साध्या गाडीत गिऱ्हाईक ते खपवून घेणार नाही. हायब्रिडमध्ये ती उणीव मोटर भरून काढते. हायवेवर बॅटरी आणि मोटर नुसत्या बसून आहेत असं वाटतं, पण त्या आहेत म्हणून तर असं काटकसरी इंजिन बसवता आलं.

कॅमरीचे आकडे उलटे करून पाहिले तर आणखी एक गोष्ट दिसते. शंभर किलोमीटरला शहरात साधी गाडी ८.४ लिटर पिते, हायब्रिड ४.६. हायवेवर ६ आणि ४.४. शहरातली बचत ३.८ लिटर, हायवेवरची १.६. दोन्हीकडे बचत आहे, पण दुपटीहून अधिक फरकाने. ज्याचं धावणं बहुतांश हायवेवर आहे, त्याने हायब्रिडसाठी मोजलेले जास्तीचे पैसे कधी वसूल होतील याचा हिशेब लिटरमागे किलोमीटरवर न करता या आकड्यांवर करावा.

हायवेचा आकडा वाचताना तो कोणत्या वेगाचा, हेही विचारायला हवं. ईपीएच्या मूळ हायवे चाचणीचा सरासरी वेग ताशी ७८ किमीच्या आसपास आहे आणि कमाल वेग ९६ किमी. आपल्या नमुन्याच्या गाडीला १०० किमी अंतर कापायला चाकांवर ताशी ८० च्या वेगाने साधारण ३३ मेगाज्यूल लागतात, १०० च्या वेगाने ४४, आणि १२० च्या वेगाने ५८. ऐंशीवरून एकशेवीसवर गेलं की पाऊणपट जास्त! हे हायब्रिड आणि साधी गाडी दोघींना सारखंच लागू आहे. पण साध्या गाडीचा मालक हायवेवरच्या आकड्याची तुलना शहरातल्या खालच्या आकड्याशी करतो आणि खूश होतो. हायब्रिडचा मालक ती शहरातल्या उंच आकड्याशी करतो आणि गाडीत बिघाड आहे का म्हणून विचारू लागतो. दोष गाडीचा नसतो, वेगाचा असतो.

शहरातल्या आकड्यालाही अटी आहेत. अमेरिकेत २००८ पासून जोरदार वेग घेणं, एसी आणि थंडी यांचा हिशेब धरणारी नवी पद्धत आली, तेव्हा त्या वेळच्या प्रियसचे जुने ६० आणि ५१ हे आकडे ४८ आणि ४५ वर आले. शहराचा आकडा जास्त कोसळला, कारण शहरातल्या बचतीचा मोठा भाग इंजिन बंद राहण्यावर उभा आहे. इंजिन थंड असेल तर ते तापवायला आणि धुराची सफाई करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर गरम करायला गाडी ते चालूच ठेवते. कडाक्याच्या थंडीत आतला हीटर लावला की पुन्हा तेच. घरापासून दोन किलोमीटरच्या खेपा मारणाऱ्याला हायब्रिडचं शहरातलं अ‍ॅव्हरेज सहसा दिसतच नाही. इंजिन तापेपर्यंत प्रवास संपलेला असतो.

आणि सगळ्याच हायब्रिड एका मुशीतल्या नाहीत. अमेरिकेत विकली गेलेली पहिली हायब्रिड, होंडाची मूळ इनसाइट, जुन्या पद्धतीच्या आकड्यांत शहरात ६१ आणि हायवेवर ७० मैल द्यायची. तिची १० किलोवॅटची मोटर इंजिनाला नुसता हातभार लावायची, एकटीने गाडी ओढत नव्हती. तिचं खरं बळ हलक्या अ‍ॅल्युमिनियमच्या, हवा कापत जाणाऱ्या शरीरात होतं, आणि ते हायवेवर दिसायचं.

शहर आणि हायवे या दोन रकान्यांत न बसणारा एक रस्ता आहे: घाट. चढताना इंजिन जवळपास पूर्ण भाराने चालतं आणि बॅटरी लवकर उतरते. उतरताना ५०० मीटर उंचीवरून खाली येणाऱ्या १४०० किलोच्या गाडीत साधारण १.९ युनिट वीज होईल एवढी ऊर्जा असते. जुन्या प्रियसची बॅटरी होती १.३ युनिटची, आणि तिचं आयुष्य टिकावं म्हणून गाडी त्यातला साधारण निम्माच भाग वापरायची. अर्ध्या उताराच्या आतच ती भरू शकते. भरल्यावर मोटर वीज तयार करणं थांबवते आणि सगळा भार नेहमीच्या ब्रेकवर येतो. त्यासाठीच अनेक हायब्रिड गाड्यांच्या गिअर लिव्हरवर ‘बी’ असा पर्याय असतो: त्यात इंजिन पेट्रोल न जाळता नुसतं फिरवलं जातं आणि त्याच्या रोधाने गाडी आवरली जाते. त्यातून पेट्रोलचा थेंबही वाचत नाही, पण लांब उतारावर बॅटरी भरलेली दिसली की ‘बी’ लावावा. ब्रेक तापत नाहीत.