सांगितलेले पोहोचते कसे?

नेतृत्वगुण म्हणजे खणखणीत आवाज, ताठ मान आणि न अडखळता बोलणे, असे व्यक्तिमत्त्व विकासाच्या वर्गांत सहसा शिकवले जाते. सोलापुरात चादरी आणि टॉवेल विणणाऱ्या यंत्रमागांच्या शेडमध्ये ही शिकवण फारशी उपयोगी पडत नाही. अशा शेडमधील आवाज बऱ्याचदा ९० डेसिबलच्या पुढे जातो, तर समोरासमोरचे साधे बोलणे ६० डेसिबलच्या आसपास असते. १० डेसिबलचा फरक म्हणजे ध्वनीच्या तीव्रतेत दहापट फरक, हे लक्षात घेतले तर जॉबरचे, म्हणजे मागांवर देखरेख ठेवणाऱ्या मुकादमाचे, साधे बोलणे मागांच्या खडखडाटापुढे हजारपटीने क्षीण ठरते. गोंगाटात माणसाचा आवाज आपोआप चढतो, हे फ्रेंच वैद्य एत्येन लोम्बार यांनी १९११ मध्ये नोंदवले. मात्र ओरडल्याने स्वर जितके ठळक होतात तितकी व्यंजने होत नाहीत, आणि ‘सात नंबरचा माग’ व ‘आठ नंबरचा माग’ यांतला फरक तर व्यंजनांवरच तोललेला असतो.

गोंगाट निदान जाणवतो तरी. त्याहून अवघड अडथळा सांगणाऱ्याच्या स्वतःच्या डोक्यात असतो. एलिझाबेथ न्यूटन यांनी १९९० मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात केलेल्या प्रयोगात काही जणांनी परिचित गाण्यांचा ठेका टेबलावर बोटांनी वाजवला आणि समोरच्यांनी ती गाणी ओळखायची होती. निम्मी गाणी ओळखली जातील, असा वाजवणाऱ्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात १२० पैकी केवळ ३ ओळखली गेली. वाजवणाऱ्याच्या मनात पूर्ण चाल घुमत असते, ऐकणाऱ्याच्या वाट्याला मात्र नुसती टकटक येते. ‘त्या बीमचा ताण जरा बघ’ असे म्हणणाऱ्या अनुभवी जॉबरला कोणता बीम (उभे धागे गुंडाळलेला मागाचा रूळ), किती ताण आणि केव्हापर्यंत, हे सारे इतके स्वच्छ दिसत असते की ते शब्दांत आलेलेच नाही, याची त्याला जाणीव होत नाही. घरी तेलुगू किंवा कन्नड बोलणाऱ्या कामगारांमुळे हे घडते, असे कारण पुष्कळदा पुढे केले जाते. परंतु न्यूटन यांच्या प्रयोगात असा भाषेचा अडसर नव्हता, हे येथे विसरता कामा नये.

या अडथळ्याला अधिकाराची जोड मिळाली की काय होते, हे २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या तेनेरीफे बेटावरील विमानतळावर दिसले. दाट धुक्यात एका विमानाच्या अत्यंत अनुभवी कप्तानाने परवानगी नसताना उड्डाणासाठी वेग घेतला. धावपट्टीवरील दुसरे विमान अजून बाजूला झाले नसावे, अशी शंका त्याच्याच फ्लाइट इंजिनिअरने बोलून दाखवली. कप्तानाने ती ठामपणे फेटाळली आणि इंजिनिअर पुढे काही बोलला नाही. दोन्ही विमानांच्या टकरीत ५८३ माणसे मृत्युमुखी पडली. पुढे वैमानिकांच्या प्रशिक्षणात कनिष्ठाने शंका रेटून धरणे आणि वरिष्ठाने ती ऐकून घेणे, या दोन्ही गोष्टींचा सराव आला, तसेच महत्त्वाची सूचना ऐकणाऱ्याने परत म्हणून दाखवण्याचा नियम अधिक काटेकोर झाला.

हा नियम कारखान्यात, कार्यालयात विनाखर्च लागू करता येतो. ‘समजले का?’ या प्रश्नाला कनिष्ठाकडून ‘हो’ याखेरीज उत्तर येण्याची शक्यता कमी असते; ‘आता आधी काय करणार?’ असे विचारले तर काय पोहोचले ते लगेच कळते. अर्थात चुकीचे उत्तर दिल्यावर चारचौघांत पाणउतारा होणार असेल, तर हीदेखील परीक्षाच ठरते. संशोधक एमी एडमंडसन यांनी रुग्णालयांतील गटांचा अभ्यास केला, तेव्हा चांगल्या गटांत औषधांच्या चुका कमी आढळण्याऐवजी जास्त नोंदलेल्या आढळल्या. त्या गटांत चुका लपवल्या जात नव्हत्या, असा अर्थ त्यांनी लावला. यंत्रमागाच्या शेडपुरते बोलायचे तर, तुटलेल्या धाग्याची बातमी जॉबरकडे लगेच येते, की चादर तपासणीच्या टेबलावर पसरल्यानंतर, यावरून त्याच्या संवादकौशल्याचा बराच अंदाज बांधता येतो.