कंसात राजापूर, शेवट बेळगावात: नाथ पैंच्या संसदीय नोंदीमागची गोष्ट

दरवर्षी १७ जानेवारीला बेळगावच्या हुतात्मा चौकात फुलं वाहून झाली की घोळक्यातलं एखादं जाणतं माणूस बॅरिस्टर नाथ पैंचा विषय काढतंच. १९५६ साली याच तारखेला इथे, बेळगाव महाराष्ट्रात हवं म्हणणाऱ्या आंदोलकांवर गोळीबार झाला. १९७१ साली याच तारखेला, हुतात्मा दिनाच्या सभेत, नाथ पै बेळगावकरांसमोर बोलले आणि दुसऱ्या दिवशी हृदयविकाराच्या झटक्यानं याच गावात गेले. वय अवघं ४८. सीमाभागातल्या मराठी घरांत हे पाठ असतं. पण लोकसभेतल्या तेरा वर्षांत या माणसानं काय केलं, असं विचारलं की उत्तर त्यांच्या वक्तृत्वापाशीच थांबतं. मला ते खटकतं, म्हणून ही नोंद.

लोकसभेच्या कामकाजाच्या छापील खंडांत सदस्याच्या नावापुढे कंसात मतदारसंघ असतो. तिथे ते ‘श्री नाथ पै (राजापूर)’ असे भेटतात. जन्म वेंगुर्ल्याचा, मतदार कोकणातले, पक्ष प्रजा समाजवादी. १९५७, १९६२ आणि १९६७ अशा तीन निवडणुका त्यांनी राजापुरातून जिंकल्या. बेळगावचा मराठी माणूस त्यांना आपला खासदार मानायचा, पण त्याचं मत त्यांना कधी पडलं नाही, पडणं शक्यच नव्हतं. बेळगावच्या लोकसभेच्या जागेवर, सीमाभाग महाराष्ट्रात यावा म्हणून लढणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीला आजवर एकदाही यश आलेलं नाही. दिल्लीत आपलं गाऱ्हाणं मांडायला शेजारच्या राज्याचा खासदार शोधायचा, ही सवय आम्हाला तेव्हापासूनची.

आता मतांची नोंद. इथे जरा जपून वाचावं लागतं. लोकसभेत बहुतेक निर्णय आवाजी मतदानानं होतात. ‘हो’चा आवाज मोठा की ‘नाही’चा, हे अध्यक्ष ठरवतात आणि कुणी काय म्हटलं याचा मागमूस राहत नाही. कुणी मतविभाजन मागितलं तरच नावं नोंदली जातात. घटनादुरुस्तीला मात्र ते लागतंच, कारण तिथे डोकी मोजावी लागतात. १९५७ पासून सभागृहात बटण दाबून मत द्यायची सोय झाली. मतविभाजनाच्या पानावर बाजूनं आणि विरोधात अशा नावांच्या याद्या असतात आणि तळाला बारीक अक्षरात एक टीप, की अमुक सदस्यांनीही आपलं मत नोंदवलं. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवायची: पक्षांतरबंदी आली १९८५ मध्ये. त्याआधी पक्षादेश मोडला तरी खासदारकी जात नसे. म्हणून त्या काळातल्या मताला आजच्यापेक्षा जास्त वजन आहे, असं मी मानतो.

ज्या सीमाप्रश्नासाठी आम्ही नाथ पैंना आठवतो, त्यावर मात्र ही पानं कोरी आहेत. बेळगाव म्हैसूर राज्यात (आजच्या कर्नाटकात) गेलं ते १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्यानं, १ नोव्हेंबरला. तेव्हा ते खासदार नव्हते. १९६० मध्ये महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले, त्या कायद्यात बेळगाव नव्हतंच. पुढे या वादासाठी केंद्रानं नेमलेल्या महाजन आयोगानं १९६७ मध्ये अहवाल दिला: निपाणी, खानापूरसह २६४ गावं महाराष्ट्राला, २४७ कर्नाटकाला, बेळगाव शहर होतं तिथेच. महाराष्ट्रानं तो फेटाळला आणि सीमा बदलणारं विधेयक संसदेपुढे आलंच नाही. घटनेच्या कलम ३ प्रमाणे संसद साध्या बहुमतानं राज्याची सीमा बदलू शकते, विधानसभेचं फक्त मत मागवायचं असतं. एवढं सोपं असूनही मत द्यायची वेळ त्यांच्यावर कुणी आणली नाही.

त्यांचं सगळ्यात मोठं काम वेगळ्याच वाटेनं झालं. २७ फेब्रुवारी १९६७ ला सर्वोच्च न्यायालयानं गोलकनाथ खटल्याचा निकाल दिला. अकरा न्यायमूर्ती, सहा विरुद्ध पाच. मूलभूत हक्कांना कात्री लावणारी घटनादुरुस्ती यापुढे संसदेला करता येणार नाही, असं ठरलं. मालमत्तेचा हक्क तेव्हा मूलभूत होता, त्यामुळे जमीन सुधारणांचं पुढे काय, हा प्रश्न उभा राहिला. एप्रिलमध्ये नाथ पैंनी खासगी विधेयक (मंत्री नसलेल्या सदस्याचं) आणलं: घटनादुरुस्तीची रीत सांगणारं कलम ३६८ दुरुस्त करून घटनेतली कोणतीही तरतूद बदलण्याचा संसदेचा अधिकार स्पष्ट लिहावा. विरोधी बाकावरच्या, मूठभर खासदारांच्या पक्षातल्या माणसानं हे मांडलं. खासगी विधेयकांच्या वाट्याला शुक्रवारचे शेवटचे अडीच तास येतात आणि स्वातंत्र्यापासून अशी जेमतेम चौदा विधेयकं कायदा झाली, शेवटचं १९७० मध्ये. तरी हे विधेयक दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीपर्यंत पोहोचलं. ‘स्वतंत्र पक्ष’ या नावाच्या विरोधी पक्षाचा त्याला कडाडून विरोध होता. आज संसदेच्या हाती सगळं दिलं तर उद्या नागरिकाचे हक्क कोण राखणार, ही त्यामागची भीती मला खोटी वाटत नाही. पण कुळाची जमीन कोर्टात अडकलेली असताना लोकांनी निवडलेल्या सभागृहाचे हात बांधले जाऊ नयेत, ही नाथ पैंची तळमळही खरी होती.

निकाल लागलाच नाही. २७ डिसेंबर १९७० ला लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयक गेलं. बावीस दिवसांनी नाथ पैही गेले, माजी खासदार म्हणून. त्याच वर्षी, १९७१ मध्ये, सरकारनं जवळपास तेच सूत्र चोविसाव्या घटनादुरुस्तीत आणलं, ५ नोव्हेंबरला राष्ट्रपतींची संमती मिळाली. २४ एप्रिल १९७३ ला केशवानंद भारती खटल्यात न्यायालयानं ती दुरुस्ती वैध ठरवली आणि गोलकनाथ मोडीत काढलं. मात्र घटनेची मूलभूत चौकट मोडता येणार नाही, अशी मर्यादाही सात विरुद्ध सहा मतांनी घातली.

२००४ पासून सीमाप्रश्न सर्वोच्च न्यायालयात आहे. दावा महाराष्ट्राचा, कर्नाटकाचं म्हणणं असं की सीमा बदलायचा अधिकार संसदेचा, न्यायालयाचा नव्हे. नाथ पै अशाच धर्तीचा युक्तिवाद वेगळ्या कारणासाठी मांडत होते. संसदेनं काहीच केलं नाही म्हणून आम्हाला कोर्टाची पायरी चढावी लागली, आणि तिथे आमच्याविरुद्ध संसदेच्याच अधिकाराचा दाखला दिला जातो. त्यांचं विधेयक वाचताना बेळगावकर म्हणून माझं मन दोन्हीकडे ओढलं जातं.